लवचिक सांधे आणि मुलाच्या तक्रारीचा अर्थ

'अंग लवचिक असणे' हा मराठीत स्तुतिपर प्रयोग आहे. मल्लखांब, नृत्य, योगासने यांच्या संदर्भात तो सहज तोंडी येतो. वैद्यकात मात्र सांध्याची हालचाल वयाच्या मानाने अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक होत असेल, तर त्या अवस्थेस सांध्यांची अतिलवचिकता असे म्हणतात. ही अवस्था म्हणजे रोग नव्हे. लहान मुलांचे सांधे स्वभावतःच सैल असतात, वयाबरोबर ते आवळत जातात, आणि अशा बहुसंख्य मुलांना कोणताही त्रास होत नाही. काही मुलांना मात्र वेदना व थकवा यांचा उपद्रव होतो. त्यांची तक्रार ऐकणाऱ्यापर्यंत पोचते कशी, हा प्रश्न वैद्यकाइतकाच भाषाशास्त्राचाही आहे. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेवढेच.

प्रथम या अवस्थेचे स्वरूप पाहू. हाडांना परस्परांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध ज्या तंतुमय प्रथिनांचे बनलेले असतात, त्यांत कोलॅजन हे प्रमुख होय. अस्थिबंध सैल असले म्हणजे सांधा स्थिर राखण्याचे काम स्नायूंवर अधिक पडते. शिवाय आपला अवयव नेमका कोठे व कसा आहे याची जी आंतरिक जाणीव असते, तीही अशा काही मुलांत मंद आढळते. त्यामुळे ज्या कामात इतरांस श्रम जाणवत नाहीत, उदाहरणार्थ तासभर ताठ बसणे किंवा दोन पाने सलग लिहिणे, त्याच कामात ही मुले थकून जातात.

लवचिकता मोजण्याची पद्धत १९६४ मध्ये कार्टर व विल्किन्सन यांनी मांडली. पुढे १९७३ मध्ये बेटन, सॉलोमन व सॉस्कोल्ने यांनी दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासात तिला आज रूढ असलेले नऊ गुणांचे रूप दिले. करंगळी ९० अंशांपलीकडे मागे वळणे, अंगठा वाकवून हाताला मनगटाच्या वर टेकणे, कोपर आणि गुडघा १० अंशांहून अधिक मागे जाणे, यांस प्रत्येक बाजूस एक गुण. आणि गुडघे न वाकवता दोन्ही तळवे जमिनीस टेकल्यास एक. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वयात न आलेल्या मुलांसाठी सहा ही किमान मर्यादा धरलेली आहे.

परंतु हे गुण हालचालीचे मोजमाप देतात. मुलाच्या दिवसाचे नव्हे. त्यासाठी जीवनमानाच्या प्रश्नावल्या वापरतात. अमेरिकेतील जेम्स वार्नी यांची प्रश्नावली त्यांत विशेष प्रचलित आहे. तिच्या सामान्य आवृत्तीत २३ प्रश्न असून शारीरिक, भावनिक, सामाजिक व शालेय अशी चार अंगे आहेत. पाच वर्षांपुढील मूल स्वतः उत्तरे देते आणि पालकांचीही उत्तरे स्वतंत्रपणे घेतली जातात. ऑस्ट्रेलियात व्हेरिटी पेसी व त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा मुलांच्या जीवनमानाचा संबंध विशेषेकरून थकवा व वेदना यांच्याशी दिसून आला. आता, वाकणारी करंगळी परीक्षकास दिसते. थकवा मात्र मुलाने शब्दांत सांगावा लागतो. येथे भाषेचा प्रवेश होतो.

मराठी मूल थकवा कोणत्या शब्दाने सांगते? पुष्कळदा 'कंटाळा आला' असे म्हणून. बोलीत या शब्दाखाली मनाचा विटाळा आणि शरीराची दमणूक हे दोन्ही अर्थ नांदतात. 'लिहायचा कंटाळा येतो' हे वाक्य शिक्षकाच्या कानी पडले की त्यास पहिलाच अर्थ सुचतो, आणि मुलास आळशी ठरविले जाते. मुलाने मात्र कदाचित आपल्या बोटांविषयी सांगितलेले असते. प्रश्नावलीचे भाषांतर करणाराही येथेच चुकण्याचा संभव आहे.

याउलट, आपल्या व्याकरणात एक सूक्ष्म साधन सिद्ध आहे. 'मी लिहीत नाही', 'मला लिहिता येत नाही' आणि 'मला लिहवत नाही' ही तीन वाक्ये पाहा. पहिल्यात केवळ क्रियेचा अभाव आहे, दुसऱ्यात बहुधा कौशल्याचा, आणि तिसऱ्यात अंगातील शक्तीचा. तिसऱ्या वाक्यातील शक्य क्रियापद कर्त्याच्या इच्छेस दोष देत नाही. 'लिहीत का नाहीस?' याऐवजी 'लिहवत नाही का?' असे विचारले, तर मुलास खरे उत्तर देण्यास वाट मिळते. वेदनेच्या शब्दांतही असाच भेद आहे. ठणकणे, चमकणे, अवघडणे, भरून येणे, लचकणे या प्रत्येकाने निराळा अनुभव सुचविला जातो. 'दुखते' या एकाच शब्दात ते सारे लोपतात.

याचा व्यवहारात उपयोग असा की, तक्रार ओळखली गेल्यास करण्याजोगे पुष्कळ आहे. स्नायूंना क्रमाक्रमाने बळ देणारा व्यायाम, श्रम व विश्रांती यांची वाटणी, आवश्यक तेथे जाड पेन्सिल किंवा लेखनास अधिक वेळ, हे उपाय भौतिकोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने योजता येतात. खेळ सर्वस्वी बंद करणे सहसा हिताचे नसते, कारण त्याने स्नायू अधिकच दुर्बळ होतात. 'वाढते वय आहे, दुखायचेच' एवढ्यावर मात्र विषय संपवू नये.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांस येथे संशोधनास वाव आहे. निरनिराळ्या बोलींतील मुले थकवा व वेदना कोणत्या शब्दांनी सांगतात, वयाप्रमाणे ते शब्द कसे बदलतात, आणि पालक त्यांचा कोणता अर्थ लावतात, याची पद्धतशीर नोंद करण्यासारखी आहे. तिचा लाभ कोशकारास होईलच. त्याहून महत्त्वाचे हे की, वर्गाच्या मागच्या बाकावर पेन खाली ठेवून बसलेल्या एखाद्या मुलाचे वाक्य त्याला अभिप्रेत असलेल्या अर्थाने ऐकले जाईल.