बोटीचं कव्हर: तयार घ्यावं की मापानं शिवावं?

मे संपत आला की तारकर्ली, मालवण, गुहागर, नागाव इथल्या पर्यटनाच्या फायबर बोटी पाण्याबाहेर ओढल्या जातात. पुढचे तीन महिने त्या वाळूवर, माडाखाली किंवा कुणाच्या परड्यात राहणार असतात. मासेमारीच्या यांत्रिक होड्यांनाही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. याच सुमारास बोटवाल्यापुढे कव्हरचा प्रश्न येतो. बाजारात ‘सोळा ते अठरा फूट’ असा शिक्का असलेलं तयार कव्हर मिळतं. दुसरीकडे ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराला बोटीपाशी नेऊन अंगाबरोबर कव्हर शिवून घेता येतं. त्याला तयार कव्हरच्या कितीतरी पट पैसे पडतात, म्हणून बहुतेकांची चर्चा पैशापासून सुरू होते आणि तिथेच संपते. ती सुरू व्हायला हवी पाणी आणि वाऱ्यापासून. पडलेलं पाणी कुठल्या वाटेनं उतरणार आणि वारा कुठून आत शिरणार, एवढं नक्की झालं की कव्हर कुठलं घ्यायचं ते बरंचसं आपोआप ठरतं.

आधी पाण्याचा हिशेब करू. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की ते १ लिटर पाणी होतं. अठरा फुटी बोट साधारण साडेपाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असते. नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाकडचा, निमुळता भाग वजा केला तरी वरून दहा चौरस मीटर जागा उरते. कोकणात जुलैमध्ये एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर कुणी त्याची बातमी करत नाही. पण त्या दिवशी बोटीवर १,००० लिटर, म्हणजे एक टन पाणी पडलेलं असतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोसमाचा पाऊस ३,००० मिलिमीटरच्या वर जातो. तेव्हा हंगामभरात तीस टन पाणी त्या कापडावरून वाहून जायला हवं.

ते वाहिलं नाही की कापडाला झोळ पडतो. झोळात पाणी थांबतं, पाण्याच्या वजनानं कापड ताणतं, झोळ खोल होतो आणि आजूबाजूचं पाणीही तिकडेच धावतं. मीटरभर लांब-रुंद आणि सरासरी दहा सेंटिमीटर खोल झोळात १०० लिटर पाणी मावतं. सिमेंटची दोन पोती कव्हरच्या मधोमध ठेवावीत तेवढं हे वजन. मग आधी शिवण उसवते किंवा कोपऱ्यातलं आयलेट कापडासकट फाटून निघतं, आणि साठलेलं सगळं पाणी एकदम बोटीत उतरतं.

‘बोट आयुष्यभर पाण्यातच असते, थोडं पाणी आत गेलं तर काय बिघडलं?’ असं पुष्कळजण म्हणतात. बिघडतं ते लाकूड. फायबरच्या बहुतेक बोटींत इंजिन टांगायची मागची पाटी आणि तळाची फळी आतून प्लायवूडची असते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारं पाणी मानवत नाही. पावसाचं गोडं पाणी मात्र चांगलं मानवतं. इंजिनाच्या बोल्टच्या भोकातून हे पाणी प्लायवूडमध्ये मुरतं. बाहेरून फायबर चकचकीत दिसत असतं आणि आत पाटी भुसभुशीत झालेली असते. पाटी बदलणं हे मोठ्या खर्चाचं काम आहे. कव्हर घ्यायचं ते मुख्यतः एवढ्यासाठी. रंग आणि सीटं त्यानंतर.

आता तयार कव्हर कसं बेतलेलं असतं ते बघू. त्याला दोन मापं असतात, लांबी आणि जास्तीत जास्त रुंदी. शिवाय बोटीच्या घडणीचा साधारण प्रकार दिलेला असतो: पुढून टोकदार, पुढून चौकोनी, मधोमध सुकाणूची पेटी असलेली वगैरे. सोळा ते अठरा फुटांतली कुठलीही बोट आत मावली पाहिजे, म्हणून ते मोठ्या मापाला कापतात आणि कडेच्या नेफ्यात दोरी किंवा इलॅस्टिक घालतात. दोरी आवळली की कड बोटीच्या काठाखाली घट्ट बसते. वरचं जादा कापड मात्र तसंच ढिलं राहतं. आणि झोळ पडतो तो वरच. तुमची बोट दिलेल्या मापांतल्या मोठ्या टोकाला असेल तर हे कव्हर ठीक बसतं, लहान टोकाला असेल तर नाही. अठरा फुटांच्या बोटीला ‘सोळा ते अठरा’ घ्यावं. सोळाच्या बोटीला तेच कव्हर गबाळं होईल. तिला ‘चौदा ते सोळा’ शोधावं.

माप घेताना बरेचजण टेप नाळेपासून मागेपर्यंत काठाच्या वळणावरून फिरवतात आणि लांबी भलतीच जास्त येते. टेप बोटीच्या मधोमध, हवेत सरळ ताणून धरायची: नाळेच्या पुढच्या टोकापासून मागच्या पाटीच्या बाहेरच्या कडेपर्यंत. रुंदी जिथे सगळ्यांत जास्त आहे तिथे, दोन्ही बाजूंचे रबरी पट्टे धरून मोजायची. सहसा या लांबीत इंजिन धरलेलं नसतं. विकणाऱ्याला तेवढं एक विचारून घ्यावं. पुढचा कठडा काठापेक्षा उंच असेल, मागे पोहणाऱ्यांसाठी फळी जोडलेली असेल, तर त्यांची मापं वेगळी लिहून ठेवावीत. सुकाणूच्या पेटीवर छत असेल तर साधं तयार कव्हर बहुधा निकालात निघतं. छताचे खांब झाकण्यासाठी त्यात कापच नसतात.

मापानं शिवण्याची रीत निराळी आहे. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांच्या बोटींचे नमुने कव्हरवाल्यांकडे तयार असतात. कंपनी, मॉडेल आणि वर्ष सांगितलं की कव्हर घरी येतं. आपल्याकडच्या किनाऱ्यावर असा शॉर्टकट फारसा चालत नाही. एकाच साच्यातून निघालेल्या दोन बोटींचे कठडे, सीटं, पेटी, डिझेलची किंवा पेट्रोलची टाकी मालक आपापल्या सोयीनं बसवून घेतात. त्यामुळे शिवणाऱ्यानं बोटीपाशी यायलाच हवं. फोनवर मापं घेऊन शिवतो म्हणणाऱ्याकडून तयार कव्हरच महाग दरात मिळेल.

चांगला कारागीर आधी आधार उभे करतो. नाळेपासून मागपर्यंत एक आढं धरायचं, खाली ठिकठिकाणी टेकू द्यायचे आणि त्यावर पातळ प्लॅस्टिक किंवा स्वस्तातलं कापड ताणून नमुना काढायचा. काठ कुठे वळतो, कठड्याचा पाय कुठे येतो, दोर बांधायचा खुंटा कुठे आहे, हे सगळं त्या नमुन्यावर खडूनं उतरवायचं. मग नमुना उलगडून त्याबरहुकूम खरं कापड कापायचं. आढ्यापासून काठापर्यंत सगळीकडे उतार मिळाला पाहिजे. आधार न धरता नुसता बोटीचा आकार उतरवला तर जिथे बोट खोलगट तिथे कव्हरही खोलगट होतं, आणि मापात बसणारं महागडं कव्हर पहिल्या पावसात तळं धरतं. ही चूक फार दिसते, कारण उन्हात, कोरड्या दिवशी घालून दाखवलेलं असं कव्हर अतिशय देखणं दिसतं.

शिवणाऱ्याशी बोलायच्या गोष्टी बारीक आहेत, पण कव्हरचं आयुष्य त्यांवरच ठरतं. सुती दोरा नको, तो ओला राहून कुजतो. पॉलिएस्टरचा जाड दोरा चालतो. कापड शाबूत असताना उन्हानं आधी तो झिजणार, हे धरून चालावं. दोन-तीन वर्षांनी शिवणी पुन्हा मारून घेतल्या की काम भागतं. शिवण दुहेरी, दुमडून घातलेली हवी आणि पाणी वाहतं त्या दिशेनं उतरती हवी. आडवी शिवण पाणी अडवते आणि सुईच्या प्रत्येक भोकातून थेंब आत सोडते. आयलेट पितळेची घ्यावीत. लोखंडी आयलेट खाऱ्या हवेत एका हंगामात गंजतात आणि भोवतीचं कापडही खातात. चेन लावायची तर प्लॅस्टिकच्या दातांची. कठड्याचे कोपरे, काचेची कड, इंजिनाचं डोकं, अशा घासणाऱ्या प्रत्येक जागी आतून जादा ठिगळ लावून घ्यावं. तुटेपर्यंत थांबून मग लावलेल्या ठिगळापेक्षा हे कितीतरी टिकतं. गावोगावी रिक्षाचे हूड आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे लोक असतात. त्यांच्या मशीनवर हे सगळं सहज होतं. फक्त त्यांना बोटीपर्यंत आणावं लागतं.

कापडाचं थोडक्यात सांगतो. प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणून दोन्हीकडून लेप दिलेली ताडपत्री सगळ्यांत स्वस्त. तिच्यावर लिहिलेला जीएसएमचा आकडा म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. सिल्पॉलिन विणलेली नसते, प्लॅस्टिकचे थर एकमेकांना आडवे चिकटवून ती होते. दोन्ही पाणी पूर्ण अडवतात आणि दोन्हींचा शत्रू ऊन. पीव्हीसीचा लेप असलेलं जाड कापड दणकट असतं, पण त्यातून हवा अजिबात जात नाही. लेप दिलेलं पॉलिएस्टर वजनाला हलकं आणि ताणाला चांगलं. अ‍ॅक्रिलिक कापडाचा रंग धाग्याच्या आतपर्यंत मुरलेला असतो, म्हणून ते उन्हात वर्षानुवर्षं फिकं पडत नाही, आणि त्यातून थोडी हवाही खेळते. अमेरिकेतल्या ग्लेन रेव्हन कंपनीनं १९६१ मध्ये आणलेलं सनब्रेला हे याच जातीचं. पण अ‍ॅक्रिलिक पाणी झटकतं, पूर्ण अडवत नाही. उतारावर उत्तम, झोळात मात्र झिरपणार.

परदेशी कव्हरांच्या वर्णनांत हवेशीरपणाला एखाद-दुसरी ओळ मिळते, कारण तिथे कव्हर घालतात ते बर्फाच्या, थंडीच्या महिन्यांत. आपल्याकडे उलट. ऊब आणि ओल एकत्र येतात. पंधरवड्यात सीटांवर काळी-हिरवी बुरशी धरते, वायरींचे जोड हिरवे पडतात. चहूबाजूंनी आवळून बसवलेलं, हवा न जाणारं कव्हर आतली ओल आतच कोंडतं. मापानं शिवताना आढ्याच्या दोन्ही टोकांना, वरून झाकलेली अशी दोन झरोक्यांची तोंडं ठेवायला सांगावीत. आणि कव्हर कुठलंही असो, गाद्या घरी न्याव्यात, बोट गोड्या पाण्यानं धुऊन चांगली सुकवावी, मागच्या पाटीचं बूच काढून ठेवावं आणि नाळ थोडी उंच करावी. आत गेलेलं पाणी मग मागून निघून जातं. बूच न काढता झाकलेली बोट म्हणजे हौदच.

वाऱ्याच्या बाबतीत मापाचं कव्हर सरळ जिंकतं. ढिलं कापड वाऱ्यावर फडफडतं, आणि फडफडणारं कापड वाळूचे कण अंगावर घेऊन बोटीचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, घासत बसतं. तयार कव्हरं काठावर पांढुरके पट्टे पाडतात ते यामुळे. फडफड थांबवायला काही लोक कडेला पाण्याच्या बाटल्या टांगतात. त्या झुलतात आणि बोटीच्या अंगावर आपटत राहतात. त्यापेक्षा एका काठाचा दोर पठाणाखालून, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याखालून, घेऊन दुसऱ्या काठाला बांधावा, आणि असे तीन-चार फेरे घ्यावेत.

मग निवड कशी करायची? बोट पावसाळाभर जमिनीवर एकाच जागी राहणार असेल, तर माझं मत मापाच्या कव्हरच्या विरुद्ध जातं. कोळी आणि गाबीत लोक पिढ्यान् पिढ्या होड्या शाकारून ठेवत आले. बांबूचं आढं, त्यावर माडाच्या झापांचं उतरतं छप्पर, बाजू खालून मोकळ्या. पाणी लांब पडतं आणि वारा आतून खेळतो. झापांच्या जागी जाड ताडपत्री टाकली तरी रचना तीच राहते. आढं बोटीच्या काठाहून निदान तीन फूट उंच असावं, ताडपत्री काठाच्या बाहेर हात-दीड हात यावी आणि बोटीला कुठेही टेकू नये. कव्हरचा प्रश्न असा सुटला की तयार की शिवलेलं हा वाद उरतच नाही; आणि ताडपत्री दोन पावसाळ्यांनी बदलली तरी परवडते.

बोट ट्रेलरवरून फिरणार असेल, म्हणजे पुण्याहून धरणावर किंवा मुंबईहून मांडव्याला, तर मापाचंच कव्हर हवं, तेही खालून पट्ट्यांनी आवळलेलं. रस्त्यावरच्या वेगात ढिलं कव्हर तासाभरात चिरफळतं. तयार कव्हरच्या वेष्टनावर ते वाहतुकीत चालतं असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर चालत नाही असंच समजावं.

ऑक्टोबर ते मे बोट पाण्यात नांगरलेली असेल तर शत्रू ऊन असतो, पाऊस नव्हे. तेव्हा सगळी बोट झाकायची गरज क्वचितच पडते, आणि रोज सकाळी अठरा फुटी कव्हर उतरवणं कुणालाही होत नाही. सुकाणूची पेटी, सीटं आणि इंजिनाचं डोकं यांची तीन छोटी कव्हरं अ‍ॅक्रिलिकमध्ये मापानं शिवून घ्यावीत. कापड कमी लागतं, नमुना सोपा असतो, एक माणूस दोन मिनिटांत चढवतो-उतरवतो. पावसाळ्यात वर ताडपत्रीचं छप्पर आणि हंगामात ही तीन कव्हरं, ही जोडी मला एका महागड्या पूर्ण कव्हरपेक्षा जास्त पटते.

तरीही पूर्ण कव्हर शिवून घेतलंच, तर पैसे चुकते करण्याआधी ते बोटीवर चढवून, टेकू लावून त्यावर चार-पाच बादल्या पाणी ओतावं. एक नाळेकडे, एक मधोमध, एक पेटीच्या मागे, उरलेलं शिवणींवर. जिथे पाणी थांबेल तिथला टेकू वाढवायला किंवा कापड आवळायला कारागिराला तिथल्या तिथे सांगता येतं. मग कव्हर उचलून आत हात फिरवावा, आणि जी शिवण ओली लागेल तिच्यावर आतून पट्टी मारून घ्यावी.