शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाची शुश्रूषा पुष्कळदा पती वा पत्नी करीत असते. तोच प्रश्न पुनःपुन्हा ऐकणे, अपरात्री घराबाहेर पडणाऱ्यास आवरणे, यांनी सांभाळणारी व्यक्ती खचते आणि अखेर रुग्णास ‘नर्सिंग होम’मध्ये ठेवणे भाग पडते. आपल्याकडे या शब्दाने लहान खाजगी रुग्णालय अभिप्रेत असते. अमेरिकेत मात्र ती दीर्घकाळ निवासाची संस्था होय.

हा प्रसंग लांबविता येईल काय, याचा अभ्यास न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १९८७ पासून ४०६ रुग्णांचे जोडीदार त्यात सहभागी झाले. एका गटास नेहमीचे साहाय्य मिळाले. दुसऱ्यास चार महिन्यांत समुपदेशनाच्या सहा बैठका, त्यांपैकी चार नातेवाइकांसमवेत. पुढे आधारगट आणि अडचणीच्या वेळी दूरध्वनीवरून सल्ला.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दुसऱ्या गटातील रुग्णांचा संस्थाप्रवेश, मध्यक धरता, सुमारे ५५७ दिवसांनी लांबला. येथे रुग्णाचा आजार बरा झालेला नाही, हे लक्षात घ्यावयास हवे. बदल झाला तो सांभाळणाऱ्यांत: आप्तांच्या मदतीविषयीचे समाधान वाढले, खिन्नता व रुग्णाच्या वागण्याचा त्रास कमी झाला. विलंबाचा सुमारे ६१ टक्के भाग यामुळेच होता.

आपल्याकडे हा भार पुष्कळदा सुनेवर वा लेकीवर पडतो. त्यांच्याविषयी हा अभ्यास काही सांगत नाही. तथापि त्या चार बैठकांना दीर-जावांनी बसावे, इतके तरी सुचवितो.

अशा कुटुंबांना १४५६७ या ज्येष्ठ नागरिक मदतक्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मागता येते. ग्रामपंचायतीच्या फलकावर तो लिहून ठेवावयास हरकत नाही.