जमिनीखालची सामाईक ऊब

२५ नोव्हेंबर १९७३ च्या रविवारी डेन्मार्कच्या रस्त्यांवरून खासगी मोटारी गायब झाल्या. अरब देशांनी तेल रोखून धरले होते आणि डेन्मार्कची ९० टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलावर अवलंबून होती. सरकारने रविवारी गाडी चालवायला बंदी घातली. मोकळ्या रस्त्यांवर लोक सायकली घेऊन उतरले, आणि त्या दिवसांची छायाचित्रे पुढे जगभर फिरली. पण तेल काही फक्त मोटारींत जळत नव्हते. हिवाळ्यात घरोघरच्या तळघरांतल्या बॉयलरमध्येही तेच जळत होते, आणि थंडीत बॉयलरला रविवारची सुट्टी देता येत नाही.

यावर डेन्मार्कने जे उत्तर शोधले त्याची छायाचित्रे निघाली नाहीत, कारण ते जमिनीखाली होते. १९७९ मध्ये तिथे उष्णता पुरवठ्याचा स्वतंत्र कायदा झाला. प्रत्येक नगरपालिकेने आपल्या हद्दीचा नकाशा काढायचा, कोणत्या भागात गरम पाण्याचे पाइप जातील आणि कोणत्या भागात नैसर्गिक वायू जाईल हे ठरवायचे, आणि मग ते पाळायचे. १९८८ मध्ये नव्या इमारती विजेच्या हीटरवर तापवायलाही बंदी आली. आज तिथली जवळपास दोन तृतीयांश घरे या सामाईक जाळ्यातून ऊब घेतात. कोपनहेगनमध्ये तर जाळ्याबाहेरचे घर शोधावे लागते.

याला जगभर डिस्ट्रिक्ट हीटिंग म्हणतात. एका किंवा अनेक केंद्रांत पाणी तापवायचे, ते पाइपांतून गावभर फिरवायचे, घराघरांतल्या रेडिएटरना उष्णता देऊन निवलेले पाणी पुन्हा केंद्राकडे आणायचे. या उद्योगावरच्या बहुतेक लेखांत पंप, टाक्या आणि तापमानांची चर्चा असते. मला मात्र वाटते की या धंद्याची वाढ किंवा घसरण यंत्रांवर कमी आणि करारांवर जास्त ठरते. पाइप एकदा जमिनीत गेला की पन्नास वर्षे तिथेच राहतो. त्याच्या टोकाला काय जळते ते मात्र पिढीगणिक बदलता येते. म्हणून खरा प्रश्न असतो तो पाइप कोणाचा, आणि त्यातल्या पाण्याचा दर कोण ठरवणार, हा.

सुरुवात तशी कचऱ्यापासून झाली. कोपनहेगनने चहूबाजूंनी वेढलेल्या फ्रेडरिक्सबर्ग या स्वतंत्र नगरपालिकेकडे कचरा टाकायला जागा उरली नव्हती. १९०३ मध्ये तिने कचरा जाळणारी भट्टी उभारली आणि तिची उष्णता जवळच्या रुग्णालयाला दिली. पुढे वीजकेंद्रे या खेळात आली. चंद्रपूर किंवा कोराडीजवळून जाताना जे अवाढव्य कूलिंग टॉवर दिसतात, त्यांतून आकाशात जाते ती कोळशातली जवळपास निम्मी उष्णता. साध्या औष्णिक केंद्रात कोळशातल्या ऊर्जेपैकी ३५ ते ४० टक्क्यांचीच वीज होते. टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वाफेची उष्णता शहराकडे वळवली तर वीज थोडी कमी मिळते, पण इंधनाचा एकूण उपयोग ८५ टक्क्यांच्या पुढे जातो. आपल्याकडच्या साखर कारखान्यांना हे तत्त्व नवे नाही. चिपाडावर चालणाऱ्या को-जनमध्ये टर्बाइनमधून निघालेली वाफच उसाचा रस आटवते. डेन्मार्कने रसाच्या जागी शहर ठेवले.

ही व्यवस्था घरात कशी दिसते ते पाहण्यासारखे आहे. तळघरात किंवा कपाटात एक लहानशी पेटी असते. आत पातळ पोलादी पत्र्यांच्या चळतीचा हीट एक्स्चेंजर असतो. पत्र्यांच्या एका बाजूने जाळ्यातले पाणी वाहते, दुसऱ्या बाजूने घरातले, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. शेजारी मीटर असतो. तो फक्त पाणी मोजून थांबत नाही, ते येताना किती गरम होते आणि जाताना किती निवले तेही नोंदवतो. अनेक पुरवठा संस्थांच्या बिलात या परतीच्या तापमानाची वेगळी ओळ असते. तुमच्या घरातून पाणी चांगले निवून परत गेले तर सवलत, फारसे न निवता तसेच परत गेले तर जादा आकार.

हा काटेकोरपणा उगाच नाही. पाणी जितके थंड परत येईल तितक्या कमी पाण्यात तेवढीच उष्णता नेता येते, वाटेतली गळती घटते, आणि केंद्रात कमी तापमानाचे स्रोतही कामाला येतात. एका घरातला बिघडलेला व्हॉल्व्ह सगळ्या गावाच्या दरावर थोडा का होईना भार टाकतो, आणि बिल ते त्या घराला दाखवून देते.

आता मालकीकडे वळू. मोठ्या शहरांत जाळे नगरपालिकांचे आहे; लहान गावांत बहुतेक ठिकाणी ते ग्राहकांच्या सहकारी संस्थांचे आहे. वार्षिक सभा होते, संचालक निवडले जातात, हिशेब मांडले जातात. कायद्याने उष्णता विकून नफा कमवता येत नाही. खर्च भागेल एवढाच दर लावायचा, आणि जास्त वसूल झाले तर पुढच्या दरात परत करायचे. कोणत्या गावात उष्णता किती महाग याची आकडेवारी नियामक संस्था जाहीर करते, त्यामुळे शेजारच्या गावाशी तुलना करून संचालकांना जाब विचारता येतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो सहकार उभा केला, तो उत्पादकांचा होता. इथे सहकार वापरणाऱ्यांचा आहे, आणि त्यामुळे दर चढा ठेवण्यात कुणालाच रस नाही. हा फरक फार महत्त्वाचा आहे. रस्त्याखालचा पाइप एकच असतो, ग्राहकाला दुसरा विक्रेता मिळत नाही. अशा मक्तेदारीत त्याला मालकीचा वाटा दिला तरच तो आपला स्वतःचा बॉयलर उखडून टाकायला तयार होतो.

एर बेटावरचे मार्स्टल हे जुन्या शिडांच्या जहाजांचे गाव. तिथल्या उष्णता संस्थेने १९९६ मध्ये सौर संग्राहक बसवायला सुरुवात केली. डेन्मार्कच्या सूर्याकडून ही अपेक्षा धाडसाची होती, आणि अडचण उघडच होती: ऊन जूनमध्ये, थंडी जानेवारीत. उत्तर म्हणून त्यांनी जमिनीत खड्डा खणला, त्यात जाड प्लास्टिकचे अस्तर अंथरले, पाणी भरले आणि वर उष्णतारोधक तरंगते झाकण घातले. २०१२ मध्ये पुरा झालेला असा एक खड्डा ७५,००० घनमीटरचा आहे. उन्हाळ्यात त्यातले पाणी ८० अंशांच्या वर तापते आणि शरद-हिवाळ्यात हळूहळू वापरले जाते. यात जादू नाही. कपातला चहा पाच मिनिटांत निवतो, लग्नाच्या पातेल्यातला तासाभरानेही हात पोळतो. आकारमान वाढले की त्या मानाने उष्णता सुटायला पृष्ठभाग कमी उरतो. घराच्या गच्चीवरची टाकी ऋतू ओलांडू शकत नाही, गावाची ओलांडते. इथेच सामाईकपणाला भौतिकशास्त्राचा पाठिंबा मिळतो.

मार्स्टलचे पाहून जटलंडमधल्या वोयेन्सने जुन्या खाणीत २,००,००० घनमीटरचा साठा केला आणि ७०,००० चौरस मीटर संग्राहक मांडले. कामे सोपी नव्हती. वर्षानुवर्षे गरम पाण्यात राहून अस्तराचे प्लास्टिक झिजते, झाकणात ओल शिरली की त्याचा उपयोग संपतो. तरी ही विद्या अशाच लहान गावांनी, सभासदांच्या पैशातून तपासून घेतली, याचे मला विशेष वाटते.

पुढचा बदल तापमानाचा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत वाफेचे जाळे सुरू झाले. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये १८८२ पासूनची वाफ आजही फिरते. मग दाबाखालचे १०० अंशांवरचे पाणी आले, नंतर त्याहून कमी, आणि आता ५०-६० अंशांवर चालणाऱ्या जाळ्यांची चर्चा आहे. ऑलबोर्ग विद्यापीठाचे हेन्रिक लुंड आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या टप्प्याला ‘चौथी पिढी’ म्हटले. तापमान उतरले की अनपेक्षित ठिकाणची उष्णता वापरता येते. ओडेन्समध्ये फेसबुकच्या डेटा सेंटरमधल्या कोमट हवेतली उष्णता हीट पंपांतून, म्हणजे विजेच्या जोरावर तिचे तापमान चढवणाऱ्या यंत्रांतून, शहराच्या पाइपांत पोहोचते. एस्बियर्ग बंदरात २०२४ मध्ये कोळशाचे वीजकेंद्र बंद झाले आणि त्याच्या कामाचा मोठा भाग समुद्रावर सोपवला गेला. तिथला ७० मेगावॉटचा हीट पंप उत्तर समुद्राचे पाणी आत घेतो, त्यातले काही अंश काढून घेतो आणि तेच पाणी परत सोडतो. शेजारी वाडन समुद्राचा संरक्षित किनारा आहे, म्हणून यंत्रात शीतक म्हणून कार्बन डायऑक्साइड वापरला आहे. गळती झालीच तरी विषारी काही बाहेर पडू नये. पवनचक्क्यांची वीज स्वस्त असेल तेव्हा पंप जोरात चालतो, महाग झाली की साठ्यातल्या गरम पाण्यावर भागवले जाते. या कामासाठी रस्ते नव्याने खोदावे लागले नाहीत.

डेन्मार्कचे सगळे गोडवे गाण्यासारखे नाही. कोळसा गेला तिथे मोठ्या प्रमाणात लाकूड आले, आणि त्यातले बरेच परदेशातून येते. झाड पुन्हा वाढते म्हणून धूर हिशेबात न धरणे मला पटत नाही. जळायला क्षण लागतो, वाढायला दशके. कोपनहेगनमध्ये छपरावर स्कीइंगची उतरण असलेली आमागर बाक्केची प्रसिद्ध भट्टी आहे. ती इतकी मोठी बांधली गेली की तिला पुरेल एवढा कचरा बाहेरून आणावा लागला. विरळ वस्तीत पाइपांतून वाटेतच बरीच उष्णता हरवते. २०१९ पासून नव्या जोडणीची सक्ती करण्याचा नगरपालिकांचा अधिकार काढून घेतला गेला, त्यामुळे प्रत्येक नवा ग्राहक आता समजावूनच मिळवावा लागतो.

जगाचा हिशेब याहून कठीण आहे. या जाळ्यांतली ९० टक्क्यांहून अधिक उष्णता चीन, रशिया आणि युरोपात वापरली जाते आणि तिचा फार मोठा भाग अजून कोळसा-वायूतूनच येतो. उत्तर चीनमध्ये सरकारी तारखेला, बीजिंगमध्ये साधारण १५ नोव्हेंबरला, ऊब सुरू होते आणि बहुतेकांना बिल घराच्या क्षेत्रफळावर येते. अशा ठिकाणी खोली फार तापली तर माणूस खिडकी उघडतो, कारण बचत करून त्याला काही मिळत नाही. सोव्हिएत काळातल्या जाळ्यांचीही हीच कथा. उलट जर्मनीने २०२४ पासून प्रत्येक नगरपालिकेला उष्णतेचा आराखडा बंधनकारक केला. मोठ्या शहरांना २०२६ च्या मध्यापर्यंत, बाकीच्यांना २०२८ च्या मध्यापर्यंत मुदत दिली. रशियाचा वायू आटल्यावर ही निकड तिथे सगळ्यांना समजली.

महाराष्ट्राला ऊब विकत घ्यायची गरज नाही, तरी या धंद्याशी नाते आहे. पुण्याच्या थरमॅक्सने २०१० मध्ये डॅनस्टोकर ही डॅनिश बॉयलर कंपनी विकत घेतली. आणि हीच कल्पना उलटी फिरवली की एका केंद्रातून थंड पाणी अनेक इमारतींच्या एसींना पुरवता येते. गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत हे झाले आहे, कारण तिथे जमीन कोरी होती आणि पाइपांसाठी बोगदा आधीच ठेवला होता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ज्या भारतीय शहरांत या शक्यतेची चाचपणी केली, त्यांत ठाणे आणि पुणे आहेत. मे महिन्यात दोन्ही शहरांतल्या इमारतींच्या बाहेर ओळीने लटकणाऱ्या एसींच्या पेट्या पाहिल्या की या चाचपणीला वजन येते. पण चार टॉवर, एक मॉल आणि एक रुग्णालय यांना एका पाइपात बांधायचे तर करार कोण लिहिणार, मध्येच एखाद्याने हात वर केले तर कर्ज कोण फेडणार, मीटरवर वाद झाला तर दाद कुठे मागायची? २००३ चा वीज कायदा विजेपुरता आहे. थंड पाण्याचा दर ठरवणारा आयोग आपल्याकडे अजून नाही.