चालत्या रोजनिशीचा कॅमेरा

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल शहाड सोडते, तोंच आंबिवली येतें. लगतच्या मोहने येथील एनआरसीचा रेयॉनचा कारखाना हा या भागाचा पोशिंदा होता. २००९ सालीं तो बंद पडला. नियमित पगार म्हणजे काय आणि तो थांबणें म्हणजे काय, हें येथील पुष्कळ घरांना ठाऊक आहे. अशा घरांतील मुलानें किंवा मुलीनें 'आपण व्लॉग काढणार', म्हणजे चालत्या चित्रांची रोजनिशी ठेवणार, असें सांगितलें कीं वडील मंडळींचा पहिला प्रश्न येतो, 'कॅमेऱ्याला किती पडतील?' प्रश्न रास्त आहे. मात्र त्याच्या आधीं दुसरा एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो सहसा कोणी विचारीत नाहीं: बोलणें ऐकूं येणार आहे काय?

चित्र किंचित् अंधुक असलें तर पाहणारा तें चालवून घेतो. शब्द कळेनासे झाले कीं तो उठून जातो. कॅमेरा हात लांब करून धरला तर त्याचा मायक्रोफोन तोंडापासून सुमारें ६० सेंटिमीटर दूर राहतो. तोच मायक्रोफोन सदऱ्याला लावून १५ सेंटिमीटरवर आणला तर अंतर एक चतुर्थांश होतें आणि आवाजाची तीव्रता सोळापट वाढते. रुळांवरून धडधडत जाणाऱ्या गाडीचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. स्थानकाच्या आसपास राहणाऱ्यास ही सोळापट फार मोलाची आहे. उल्हास नदीच्या कांठीं उभें राहून बोलावयाचें असेल तर वाऱ्याचा त्रास निराळाच. तेथें मायक्रोफोनवर केसाळ टोपी घालावी. वारा केसांत अडकून मंदावतो व फडफड कमी होते. ज्या कॅमेऱ्याला बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची सोयच नाहीं, तो कितीहि स्वस्त मिळाला तरी या कामासाठीं घेऊं नये.

याच न्यायानें, ज्यांच्या घरीं बऱ्यापैकीं मोबाइल आहे त्यांनीं पहिली खरेदी मायक्रोफोनची करावी. हातांत आहे त्यानेंच दहाबारा चित्रें काढून पाहावीं. दादासाहेब फाळके १९१२ सालीं विलायतेहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. त्यापायीं त्यांना आपली विम्याची पॉलिसी गहाण ठेवावी लागली होती. परत आल्यावर त्यांनीं थेट 'राजा हरिश्चंद्र' हातीं घेतला नाहीं. कुंडींतला वाटाणा रुजून वर कसा येतो, याचें एकेक चित्र टिपून छोटा पट तयार केला आणि भांडवल देणाऱ्यास तो दाखविला. वाटाण्याला खर्च तो कितीसा! दहाबारा चित्रांनंतर मोबाइल नेमका कोठें अपुरा पडतो तें कळतें, आणि तें कळल्यावरच कॅमेऱ्याच्या दुकानाची पायरी चढावी.

मोबाइल बहुधा संध्याकाळीं अपुरा पडतो. कॅमेऱ्यांत प्रकाश झेलणारा जो तुकडा असतो त्यास सेन्सर म्हणतात. ज्याला बाजारांत 'एक इंची' म्हणतात तो प्रत्यक्षांत १३.२ गुणिलें ८.८ मिलिमीटरचा असतो, एक इंच कोठेंच भरत नाहीं! तरीहि जुन्या स्वस्त खिशांतल्या कॅमेऱ्यांतील सेन्सरच्या तो सुमारें चौपट क्षेत्रफळाचा आहे, आणि दिवेलागणीनंतर हा फरक उघड दिसतो. म्हणून थोड्या पैशांत घ्यावयाचा तरी एक इंचीच घ्यावा.

या वर्गांत सोनीचा झेडव्ही-१ हा २०२० सालीं निघाला. त्याचें भिंग दूरचें जवळ आणतें, त्यामुळें कढईंतली फोडणी दाखविणाऱ्या गृहिणीस तो सोयीचा. भर दुपारचें ऊन आठव्या हिश्श्यावर आणणारी काळी कांचहि त्यांत आहे. पण हात लांब करून स्वतःस टिपावयाचें तर ६० सेंटिमीटरवर त्यांत जेमतेम ९० सेंटिमीटर रुंदीचा देखावा मावतो, आणि थरथर थांबविणारी विशेष योजना चालू केली कीं कडा कापल्या जाऊन तोहि आक्रसतो. चेहरा मोठा, मागचें गांव नाहींसें! २०२२ चा झेडव्ही-१एफ हा धाकटा भाऊ त्याच अंतरावरून सुमारें १०८ सेंटिमीटर दाखवितो. तो स्वस्तहि आहे; मात्र त्याचें भिंग एकाच मापाचें, आणि चेहऱ्यावर नेम धरतांना तो थोरल्याइतका चपळ नाहीं. एका जागीं बसून बोलणाऱ्यास तेवढ्यानें अडत नाहीं. बाजारांत चालतां चालतां बोलणाऱ्यानें मात्र थोडें थांबून, पैसे सांठवून, डीजेआयचा ओस्मो पॉकेट ३ घ्यावा हें बरें. तो २०२३ सालीं आला. त्यांत भिंग व सेन्सर मिळून तीन आंसांवर तोलून धरलेले असतात. हात हलला तरी चित्र हलत नाहीं. त्याच कंपनीचा बिनतारी मायक्रोफोन त्यास परस्पर जोडतां येतो.

घेतल्यानंतर पहिल्याच रात्रीं एक तक्रार हमखास येते: ट्यूबलाइटखालीं चित्रांत काळे पट्टे सरकतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्यामुळें दिवा सेकंदाला १०० वेळां लुकलुकतो. यादींत 'पाल' हा पर्याय निवडावा, सेकंदास २५ चित्रें ठेवावीं व झडपेचा वेग एक पन्नासांश करावा. म्हणजे प्रत्येक चित्रांत बरोबर दोन लुकलुकी येतात आणि पट्टे जातात.

खिशांतील सारी रक्कम कॅमेऱ्यावरच खर्चूं नये. चौपट बारकाईचें, म्हणजे फोर-के, चित्र सेकंदास १०० मेगाबिट या दरानें टिपलें तर तासाला ४५ जीबी जागा खातें. ६४ जीबीचें कार्ड ८५ मिनिटांत भरतें. बॅटरी तर त्याच्याहि आधीं संपावयाची. तेव्हां दुसरी बॅटरी, कार्ड, मायक्रोफोन व साधी तिवई यांचे पैसे आधीं बाजूस काढावे आणि उरेल तेवढ्यांत कॅमेरा पाहावा.

मुंबईस फोर्टांत वापरलेले कॅमेरे कमी किमतींत मिळतात. ते घेतांना भिंगांत बॅटरीचा उजेड तिरपा टाकून पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजावी. कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत ती फार धरते, आणि या कॅमेऱ्यांचें भिंग सुटें होत नसल्यामुळें आंतून पुसतां येत नाहीं. नव्या कॅमेऱ्यासहि हीच भीति असते. आषाढ-श्रावणांत तो कातडी पिशवींत न ठेवतां घट्ट झांकणाच्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. पुड्या ओलावल्या कीं बदलाव्या, आणि आठवड्यांतून एकदां तरी कॅमेरा बाहेर काढून वापरावा.