घरालगतचा गाडीखाना आणि अग्निभय

कडब्याची गंजी घराच्या भिंतीला लागून रचावी, असे आपल्याकडील शेतकऱ्याला सहसा सुचले नाही. ती खळ्यावर किंवा परसाच्या टोकाला असावयाची. चटकन पेट घेणारी वस्तू आणि माणसांचे निजावयाचे ठिकाण यांत अंतर राखावे, हा संकेत पिढ्यानपिढ्या न सांगता पाळला गेला. मग मोटार आली. प्रथम तीही थोरामोठ्यांच्या बंगल्यामागे, आवाराच्या एका कडेला बांधलेल्या स्वतंत्र खोलीत राहत असे. पुढे जमिनीच्या किमती वाढल्या, आवारे आक्रसली आणि ही खोली हळूहळू सरकत घराला येऊन चिकटली. शहरांत तर घरच तिच्या डोक्यावर जाऊन बसले. पुण्या-नाशिकचा बंगला असो, इंदूर-बडोद्याचे रो-हाउस असो, की मुंबई-हैदराबादेतील खांबांवर उभी असलेली सदनिकांची इमारत असो, आज पस्तीस-चाळीस लिटर पेट्रोल पोटात घेऊन मोटार आपल्या उशापायथ्याशी उभी असते, आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही.

या जागेला आपल्या भाषेत धड एक नावही नाही. ‘गॅरेज’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर दुरुस्तीचे दुकान उभे राहते, आणि ‘पार्किंग’ या शब्दात रस्त्याची कडाही येते. या भाषणापुरता मी ‘गाडीखाना’ हा जुना शब्द वापरणार आहे.

पेट्रोल जळते असे आपण म्हणतो. काटेकोरपणे पाहता जळते ती त्याची वाफ. रॉकेलवर ठिणगी पडली तरी ते पेटण्याइतकी वाफ होण्यास साधारण पस्तीस अंशांहून अधिक उष्णता लागते. पेट्रोलला ती शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पुरते. म्हणजे आपल्या देशातील कोणत्याही ऋतूत, दिवसाच्या कोणत्याही प्रहरी, उघडे पेट्रोल हे पेट घेण्यास सिद्धच असते. दुसरा गुण अधिक फसवा. ही वाफ हवेपेक्षा तीनचार पट जड असते. ती वर जाऊन विरत नाही. पाण्यासारखी जमिनीलगत पसरते, उतार धरते, दाराच्या फटीखालून पलीकडे जाते. हवेत तिचे प्रमाण शेकडा दीड ते साडेसातच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरे. आता हिशेब करून पाहा. दहा फूट रुंद आणि अठरा फूट लांब अशा बंद खोलीत एक लिटर पेट्रोल सांडून त्याची पूर्ण वाफ झाली, तर ती सुमारे दोनशे लिटर भरेल. ती तळाशी दोन फूट उंचीच्या थरात साचली, तर त्या थरात तिचे प्रमाण शेकडा दोन होते. म्हणजे आत पाऊल टाकणारा माणूस गुडघ्याइतक्या स्फोटक हवेत उभा असतो. नाकाशी वास मात्र त्या मानाने बेताचाच येतो.

अमेरिकेत घराला जोडलेला गाडीखाना ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे, आणि तेथील निवासी बांधकामाच्या नमुना-संहितेत एक नियम आहे: गाडीखान्यात पाणी तापविण्याचा बंब किंवा ज्याच्यात ज्योत वा ठिणगी निर्माण होते असे साधन ठेवावयाचे झाल्यास त्याचा तो भाग जमिनीपासून किमान अठरा इंच उंच असावा. अठराच का, असा प्रश्न पडेल. वरचा हिशेब ज्याने ऐकला त्याला त्याचे उत्तर मिळाले आहे. आपल्याकडे याच खोलीत घरातील इन्व्हर्टर ठेवण्याचा प्रघात पडला आहे, आणि येथे एक मौजेचा पेच आहे. इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी भारित होत असता थोडा हायड्रोजन वायू सोडते. तो अत्यंत हलका. तो छताशी जमतो. पेट्रोलची वाफ खाली, हायड्रोजन वर. म्हणून अशा खोलीला एकच झरोका पुरत नाही. भिंतीच्या तळाशी एक आणि छतालगत एक, असे दोन हवेत. डासांच्या भयाने खालची जाळी ठोकून बंद करणारे गृहस्थ पुष्कळ आहेत. त्यांना डासांचे भय तेवढे दिसते.

गाडीखान्याला आपण मनातून घराची अडगळ मानतो, हे दुखण्याचे दुसरे मूळ. रद्दीचे गठ्ठे, मोडकी गादी, उरलेल्या रंगाचे डबे, थिनरची बाटली, दिवाळीतले शिल्लक फटाके, कधी गॅसचे जादा सिलिंडरसुद्धा. तेलकट चिंध्या आपोआप पेटतात अशी एक समजूत आहे. इंजिनाच्या तेलाच्या चिंध्यांबद्दल ती बहुधा खोटी आहे. पण लाकडाला लावावयाच्या जवसाच्या तेलाच्या चिंध्यांबद्दल ती अक्षरशः खरी आहे. ते तेल सुकताना हवेतील प्राणवायू घेते व उष्णता सोडते. चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर ती उष्णता आतच कोंडते आणि काही तासांनी धूर येऊ लागतो. अशा चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्या, किंवा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्या.

विजेच्या गाड्यांविषयी अलीकडे भीती फार आणि माहिती थोडी अशी स्थिती आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात विजेच्या दुचाकी पेटल्याच्या वार्ता देशात ठिकठिकाणांहून आल्या आणि त्यानंतर केंद्र शासनाने बॅटरीच्या कसोट्या अधिक कडक केल्या. विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा अधिक वेळा पेटते, असे काही सिद्ध झालेले नाही. फरक आगीच्या जातीत आहे. लिथियमच्या बॅटरीतील एक घट बिघडून तापला की तो शेजारच्याला तापवितो, तो पुढच्याला, आणि ही साखळी बाहेरची हवा तोडून थांबत नाही. तिला थंड करण्यास पाणी लागते, तेही विपुल. आणि विझल्यासारखी दिसणारी बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. तेव्हा पडलेली, फुगलेली किंवा पुराच्या पाण्यात भिजलेली बॅटरी घराला लागून ठेवू नये, आणि काढता येणारी बॅटरी रात्री बाहेर पडावयाच्या दाराशी भारित करू नये.

माझ्या मते मात्र अधिक काळजी बॅटरीपेक्षा तिला वीज देणाऱ्या तारेची करावी. घरच्या खटक्यावर मोटार भारित करताना तेरा ते पंधरा अँपिअर प्रवाह तासन्‌तास वाहतो. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाच अँपिअरसाठी घातलेल्या बारीक तारेतून पंधरा अँपिअर नेले तर उष्णता तिप्पट नव्हे, नऊपट होते. पंख्यासाठी आणलेली जोडतार खिडकीतून खाली सोडून तिच्यावर रात्रभर मोटार लावणे हा शुद्ध अविचार होय. या कामास मीटरपासून स्वतंत्र जाड तार आणि स्वतंत्र रक्षक खटका हवा.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आग गाडीखान्यात लागली तर तेथे माणूस बहुधा नसतोच. माणसे वर निजलेली असतात. त्यांच्यापर्यंत प्रथम पोचतो तो धूर. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत गोरेगाव येथील एका निवासी इमारतीच्या तळाला पहाटे तीनच्या सुमारास आग लागली. तेथे वाहने होती आणि कापडाच्या चिंध्यांचे गठ्ठेही होते. सात माणसे त्या दिवशी प्राणास मुकली. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला हैदराबादेत नामपल्ली भागातील इमारतीच्या तळमजल्यावर, जेथे रसायनांची पिंपे साठविली होती, आग भडकली आणि वरच्या मजल्यांवरील नऊ जण दगावले. खाली मोटारीची दुरुस्ती चालू असता उडालेली ठिणगी हे तिचे कारण त्या वेळी सांगण्यात आले. दोन्ही ठिकाणी आग तळाशी आणि बळी पडले ते वरचे.

याचे कारण जिना. खांबांवरच्या इमारतीत जिना सहसा गाड्यांच्या मधोमध उघडा उतरतो, त्याच्या तोंडाशी विजेचे मीटर असतात आणि मीटरांखाली दुचाकींची दाटी. मीटरने ठिणगी द्यावी, दुचाकीने ती झेलावी आणि जिन्याने चिमणीचे काम करावे, अशी ही योजना जणू कोणी मुद्दाम आखली आहे. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संहितेत घर आणि गाडीखाना यांमधील भिंतीला किमान अर्धा इंच जिप्समचा थर सांगितला आहे, मधले दार भरीव लाकडाचे किंवा वीस मिनिटे आगीस तोंड देणारे असावे व ते आपोआप मिटावे असे म्हटले आहे, आणि गाडीखान्यातून थेट निजण्याच्या खोलीत दार काढण्यास मनाई केली आहे. वीस मिनिटे ही अल्प वाटतील. पण घरातील म्हाताऱ्या माणसांना उठवून, मुलांना कडेवर घेऊन बाहेर पडण्यास तेवढा अवधी पुष्कळ असतो. आपल्या बंगल्यांत मात्र हे दार बहुधा पोकळ फळीचे असते आणि वारा यावा म्हणून त्याला वीट लावून ते उघडे ठेवलेले असते.

जाता जाता एक गोष्ट सांगावयास हवी. बंद गाडीखान्यात इंजिन चालू ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, गंध नाही, आणि रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट बिलगतो.

एवढे करूनही आग लागलीच तर? धूर दिसताच आतले दार प्रथम मिटावे, सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि मगच १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. मोटार बाहेर काढण्याच्या मोहात पडू नये. वरच्या मजल्यावर असाल आणि जिना धुराने भरला असेल, तर त्या धुरातून उतरू नये. घराचे दार लावून घ्यावे, फटीत ओली चादर कोंबावी आणि रस्त्याकडच्या सज्जात उभे राहून बंबवाल्यांना दिसेल असे करावे. विझविण्याचा यत्न करावयाचा तो आग टोपलीएवढी असेल तोवरच, आणि तोही पाठीशी मोकळी वाट ठेवून. त्यासाठी कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडे गाडीखान्याच्या आतल्या कोपऱ्यात न टांगता दाराबाहेर, हाताला येईल असे टांगावे, आणि त्याच्या दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही, हे महिन्यातून एकदा पाहावे.