शालेय विद्यार्थी आणि स्थानिक हवामान कृती

शालेय विद्यार्थी आणि स्थानिक हवामान कृती या विषयात हवामान बदलाचे शिक्षण, शाळेच्या परिसरातील निरीक्षणे व उपाय, आणि हवामान न्यायाच्या चर्चेतील विद्यार्थ्यांचा सहभाग यांचा समावेश होतो. हवामान बदलाची कारणे जागतिक असली, तरी त्याचे परिणाम गावाच्या विहिरीत, शेतात आणि वर्गखोलीत जाणवतात. म्हणून शाळेने ध्रुवीय बर्फापासून सुरुवात न करता स्वतःच्या आवारापासून सुरुवात करावी, हा या शिक्षणपद्धतीचा गाभा आहे. प्रस्तुत लेखात बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर व त्याभोवतालचा पूर्णा खोऱ्याचा प्रदेश उदाहरण म्हणून घेतला आहे.

संज्ञा

ज्यांनी तापमानवाढीस सर्वांत कमी हातभार लावला, त्यांनाच तिची झळ अधिक बसते. या विषमतेचा विचार करून जबाबदारी, खर्च आणि संरक्षण यांची वाटणी न्याय्य व्हावी, या भूमिकेला हवामान न्याय म्हणतात. भारताचे दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन असून ते जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. देशांमधील ही विषमता पाठ्यपुस्तकांत सहसा येते. गावातल्या गावात असलेली विषमता मात्र क्वचितच येते. एकाच गावात कोणाकडे कूपनलिका, शेततळे आणि वातानुकूलित खोली असते, तर कोणाकडे पत्र्याचे घर आणि रोजची मजुरी असते. उष्णतेची लाट दोघांवर सारखीच येते, पण दुपारी काम थांबवण्याची मुभा एकालाच असते.

मुलांच्या बाबतीत या विषमतेला वयाचीही बाजू आहे. आज प्राथमिक शाळेत असलेल्या मुलाला पुढील साठ-सत्तर वर्षे बदललेल्या हवामानात काढायची आहेत, आणि त्यासंबंधीच्या निर्णयांत त्याला मताधिकार नाही. युनिसेफने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या बालकांच्या हवामान जोखीम निर्देशांकात भारताचा क्रमांक १६३ देशांत २६ वा, म्हणजे अत्यंत उच्च जोखमीच्या गटात होता.

मलकापूर परिसर

मलकापूर हे मुंबई–हावडा लोहमार्गावरील तालुक्याचे ठिकाण असून नळगंगा नदीच्या काठी वसले आहे. नळगंगा ही पूर्णेची, तर पूर्णा ही तापीची उपनदी होय. काळी कसदार जमीन आणि कापसाचा व्यापार ही या भागाची जुनी ओळख आहे. कापसाबरोबर सोयाबीन, तूर आणि मका ही पिके घेतली जातात. शेतीचा मोठा भाग पावसावर अवलंबून असल्याने पावसाचा खंड, अवेळी पाऊस किंवा एकाच दिवशी कोसळणारा पाऊस यांचा परिणाम थेट कुटुंबाच्या वर्षभराच्या उत्पन्नावर होतो.

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा आहे. येथील भूजलात क्षारांचे प्रमाण जास्त असून चिकणमातीच्या जमिनीतून पाण्याचा निचरा नीट होत नाही. असे पाणी सतत सिंचनाला वापरल्यास जमीन कडक होत जाते. हा खारेपणा भूस्तरीय इतिहासातून आलेला आहे, हवामान बदलाने निर्माण केलेला नाही. वर्गात शिकवताना हा फरक स्पष्ट करणे आवश्यक असते, कारण प्रत्येक स्थानिक अडचण हवामान बदलाच्या खात्यावर टाकण्याची सवय अलीकडे वाढली आहे. पावसावरील अवलंबित्व मात्र या खारेपणामुळे वाढते: पाऊस हुकला, तर विहिरीच्या पाण्याने पीक तारण्याचा मार्ग येथे बहुधा बंद असतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दुष्काळप्रवण गावांबरोबर खारपाणपट्ट्यातील गावांचा स्वतंत्र विचार करण्यात आला, तो याच कारणामुळे.

अतिवृष्टीचा अनुभवही जिल्ह्याला आहे. जुलै २०२३ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत एका दिवसाच्या मुसळधार पावसाने पूर येऊन शेतजमिनी खरवडून गेल्या.

निरीक्षणातून कृती

शाळेच्या पातळीवर सर्वांत सोपे आणि दीर्घकाळ टिकणारे काम म्हणजे पाऊस मोजणे. सरळ भिंतीच्या प्लास्टिक बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा करून बाटलीत बसवला की पर्जन्यमापक तयार होतो. बाटलीचा तळ उंचसखल असल्याने त्यात खडे टाकून ठरावीक खुणेपर्यंत पाणी भरतात आणि त्या खुणेला शून्य धरतात. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पद्धतीप्रमाणे नोंद सकाळी साडेआठला घ्यायची असते. शाळा त्यानंतर भरत असेल, तर हे काम शाळेजवळ राहणाऱ्या मुलांकडे येते आणि ते बहुतेकदा अभिमानाने केले जाते.

या आकड्याला गावात वजन आहे. राज्यात स्वयंचलित हवामान केंद्रांचे महावेध हे जाळे २०१७ पासून महसूल मंडळांच्या पातळीवर उभे राहिले. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस नोंदला गेल्यास तेथे अतिवृष्टी झाली असे धरले जाते. एका मंडळात अनेक गावे असतात आणि मृगाचा किंवा परतीचा पाऊस बांधाच्या एका बाजूला पडून दुसऱ्या बाजूला न पडणे हे शेतकऱ्याला नवे नाही. मंडळाच्या केंद्रावर ५० मिलिमीटर आणि शाळेच्या बाटलीत ९० मिलिमीटर नोंदले गेले, तर शासकीय निकषानुसार शाळेच्या नोंदीला मान्यता मिळत नाही. तरीही दिनांकवार लिहिलेली वही ग्रामसभेत प्रश्न विचारण्यास पुरेशी असते. मदत कोणत्या मोजमापावर ठरते, मोजमाप कोठे होते आणि त्यात कोण सुटून जाते, हे हवामान न्यायाचे प्रश्न मुलांना येथे प्रथम भेटतात.

पाऊस मोजण्यातून गणितही येते. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. शाळेचे छत २०० चौरस मीटर, वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर आणि हाती लागणारा वाटा ८० टक्के धरल्यास १ लाख १२ हजार लिटर पाणी होते. शंभर मुलांना रोज प्रत्येकी दोन लिटर पाणी २२० दिवस पुरवण्यास ४४ हजार लिटर लागतात. हिशेब सुखावणारा असला, तरी हा पाऊस चार महिन्यांतच पडतो. पाणी साठवायला टाकी किती मोठी लागेल, ती कोणत्या निधीतून बांधता येईल आणि गाळणीची व्यवस्था कोण पाहील, हे शोधताना मुलांना प्रकल्पवहीबाहेर पडावे लागते.

पाण्याची प्रत हा दुसरा विषय. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास २००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. हातात मावणाऱ्या टीडीएस मापकाने गावातील विहिरी, हातपंप व नळ यांची मोजणी करून नकाशावर आकडे मांडले, की गोडे पाणी कोणत्या वस्तीजवळ आहे आणि कोणत्या वस्तीला लांब जावे लागते हे दिसते. हा मापक क्षारांचे एकूण प्रमाण दाखवतो; नायट्रेट, फ्लोराइड किंवा जिवाणू त्यात कळत नाहीत, ही सूचना आधीच द्यावी लागते. पाणी कोण भरते, हा रकाना नोंदीत ठेवल्यास मुलींच्या वेळेचा हिशेबही समोर येतो.

उष्णता हा विदर्भातील शाळांचा रोजचाच विषय. राज्याच्या इतर भागांत शाळा जूनच्या मध्यास उघडतात, विदर्भात मात्र जूनच्या अखेरच्या आठवड्यात किंवा त्यानंतर. उन्हाळ्यात शाळा सकाळच्या सत्रात भरतात. म्हणजे शाळेचे वेळापत्रक हेच उष्णतेशी जुळवून घेण्याचे जुने उदाहरण ठरते. एक साधा तापमापक पत्र्याच्या छपराच्या खोलीत, एक स्लॅबच्या खोलीत आणि एक कडुनिंबाखाली ठेवून दुपारी बाराला नोंद घेतली, तर छताला चुना लावल्याने किती अंशांचा फरक पडतो हे मुलांना स्वतः पडताळता येते.

याहूनही बोलका दस्तऐवज शाळेच्या कपाटात असतो, तो म्हणजे हजेरीपत्रक. पावसाच्या नोंदींशेजारी हजेरी मांडली, तर पेरणीचे, कापूस वेचणीचे आणि नाल्याला पूर आल्याचे दिवस वेगळे दिसू लागतात. कोणाची मुले शेतात जातात आणि कोणाची जात नाहीत, हेही त्यातून उघड होते. म्हणूनच या माहितीत नावे न घेता केवळ संख्या वापरणे आवश्यक मानले जाते.

महाराष्ट्रातील उपक्रम

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २००१-०२ मध्ये सुरू केलेली राष्ट्रीय हरित सेना राज्यात सामाजिक वनीकरण विभागामार्फत शाळांपर्यंत पोहोचली. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान काँग्रेसमध्ये १० ते १७ वर्षे वयाची मुले स्थानिक प्रश्नावर गटाने प्रकल्प करतात. २०१४ व २०१५ या वर्षांचा तिचा मुख्य विषय हवामान समजून घेणे हाच होता. राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांच्या चौकटीत माझी वसुंधरा अभियान सुरू केले. त्यात ग्रामपंचायती व नगरपालिकांचे गुणांकन होते. युनिसेफच्या सहकार्याने याच नावाचा शालेय अभ्यासक्रमही तयार झाला. बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्हानिहाय काढली होती. स्थानिक शिक्षणासाठी तो पाया मोलाचा होता, पण वरच्या इयत्तांत जिल्हा पुन्हा दृष्टीआड होतो.

मलकापूरच्या शेजारचे उदाहरण मोताळा तालुक्यात आहे. नळगंगेवरील धरण याच तालुक्यात असून तेथून नदी मलकापूरकडे येते. पाणी फाउंडेशनच्या २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातील सिंदखेड गावाने श्रमदान व मृद्‌संधारणाच्या जोरावर राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळवला. या चळवळीत मुलेही श्रमदानास जात. वरच्या गावाने अडवलेले पाणी खालच्या गावाला कमी मिळते की झिरपून उशिरा का होईना मिळते, हा वाद अशा कामांनंतर हमखास निघतो. नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या शाळांनी विहिरींची पातळी एकत्र मोजली, तर त्या वादाला आधार मिळू शकतो.

त्याहून मोठा प्रश्न वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्पाचा आहे. गोसीखुर्द धरणातील पाणी सुमारे ४२६ किलोमीटर लांबीच्या कालव्यांनी पश्चिम विदर्भात आणण्याच्या या योजनेस राज्य शासनाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. योजनेचे शेवटचे टोक नळगंगा धरण हे आहे. लाभ कोणाला, जमीन कोणाची जाणार, पूर्वेकडील जिल्ह्यांचे म्हणणे काय आणि तोवर स्थानिक जलसंधारणाचे काय, हे मुद्दे माध्यमिक वर्गातील चर्चेस योग्य आहेत, कारण त्यांचे एकच बरोबर उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेले नाही.

कायदा आणि हक्क

राज्यघटनेच्या ४२ व्या दुरुस्तीने १९७६ मध्ये पर्यावरण संरक्षण हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व (अनुच्छेद ४८ क) आणि नागरिकाचे मूलभूत कर्तव्य (अनुच्छेद ५१ क) झाले. एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाचा आग्रह धरला आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचे निर्देश दिले. शाळांत हा विषय अनिवार्य झाला, तो प्रामुख्याने कर्तव्याच्या भाषेत. हक्काची भाषा नंतर आली. माळढोक पक्ष्याच्या संरक्षणासंबंधीच्या एम. के. रणजितसिंह प्रकरणात न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा हक्क अनुच्छेद १४ व २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे म्हटले. त्यापूर्वी ऑगस्ट २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने आपल्या २६ व्या सामान्य टिप्पणीत मुलांचे म्हणणे ऐकून घेण्याची जबाबदारी राज्यसंस्थांवर टाकली. भारताने बालहक्क संहिता १९९२ मध्ये स्वीकारलेली आहे.

प्रत्यक्षात मुलांचे म्हणणे पोहोचण्याचे मार्ग मोजके आहेत. ग्रामसभेचे सदस्यत्व मतदारांना असते. शिक्षण हक्क कायद्यान्वये स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीच्या आराखड्यात पाण्याची टाकी किंवा सावलीची व्यवस्था घालणे हा त्यातला जवळचा मार्ग होय. काही ठिकाणी बालसभा भरवल्या जातात.

टीका व मर्यादा

पर्यावरण मानसशास्त्रज्ञ रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मांडलेल्या सहभागाच्या शिडीत आठ पायऱ्या असून खालच्या तीन, म्हणजे मुलांचा वापर करून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते सामील करणे, यांना सहभाग मानलेले नाही. प्रभातफेरी, घोषणा आणि रोपासोबतचे छायाचित्र या स्वरूपाचे बरेच शालेय पर्यावरण उपक्रम या तीन पायऱ्यांवरच थांबतात. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले आणि शाळा त्यात उतरल्या. नंतर जगलेल्या रोपांविषयी विधिमंडळात प्रश्न विचारले गेले. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लागते, हा विनोद ग्रामीण भागात जुनाच आहे. लावलेल्या रोपांपेक्षा मे महिन्यात हिरव्या असलेल्या रोपांची मोजणी करणाऱ्या शाळेला गुणांकनाच्या तक्त्यात वेगळे स्थान सहसा मिळत नाही.

दुसरी टीका जबाबदारीच्या वाटणीवर आहे. प्लास्टिकची पिशवी न वापरण्याची शपथ देऊन मुलांना जबाबदार धरले जाते, तर वीजनिर्मिती, उद्योग आणि वाहतूक यांविषयीचे निर्णय चर्चेबाहेर राहतात. शेतकरी कुटुंबातील मुलाला पऱ्हाटी जाळू नये असे शिकवणे सोपे आहे. पुढच्या हंगामापूर्वी रान मोकळे करण्याचा दुसरा मार्ग मजुरीच्या आणि यंत्राच्या भाड्याच्या हिशेबात बसतो का, हे विचारणे अधिक कठीण असते.

शिक्षकांच्या वेळेची मर्यादाही मोठी आहे. ग्रामीण भागातील अनेक जिल्हा परिषद शाळा द्विशिक्षकी आहेत. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामे त्याच दोघांकडे असतात. शिक्षकाची बदली झाली की पावसाची वही बहुधा तिथेच बंद पडते, आणि हवामानाच्या अभ्यासाला लागणारी सलग दहा-वीस वर्षांची नोंद जमत नाही. काही शाळांत हे काम सातवीचा वर्ग जाताना सहावीच्या वर्गाकडे सोपवला जाणारा वारसा म्हणून ठेवले जाते, आणि बाटली कोठे ठेवायची, खुणेपर्यंत पाणी कधी भरायचे याच्या सूचना वहीच्या पहिल्या पानावर मुलांच्याच अक्षरात लिहिलेल्या असतात.