बुकिंग करताना दिलेली माहिती

कायदा : डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती ११ ऑगस्ट २०२३ रोजी मिळाली. कमाल दंड २५० कोटी रुपये. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक.

कार्ड : १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याला पूर्ण कार्ड क्रमांक साठवता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. ‘कार्ड सेव्ह करा’ म्हटलं की साठतं ते टोकन, म्हणजे मूळ क्रमांकाऐवजी वापरायचा पर्यायी संकेतांक. शेवटचे चार अंक मात्र ठेवता येतात.

आधार : मास्क्ड आधारमध्ये १२ पैकी पहिले ८ अंक झाकलेले असतात.

कुकी : संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. लॉगिन टिकवणारी वेगळी, जाहिरातींसाठी माग काढणारी वेगळी.

पीएनआर : रेल्वेचा १० अंकी, विमानाचा बहुधा ६ अक्षर-अंकांचा. अनेक विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर बुकिंग उघडतं. बोर्डिंग पासवरच्या बारकोडमध्ये दोन्ही असतात. पासचा फोटो हौसेने स्टेटसला टाकला, तर तेही सोबत जातं.

गाजलेलं प्रकरण : ब्रिटिश एअरवेजमधून २०१८ मध्ये चार लाखांहून अधिक ग्राहकांची माहिती फुटली. २०२० मध्ये ब्रिटनच्या नियामकाने केलेला दंड : २ कोटी पौंड.